थ्री बी प्लसचं गिगाबिट आणि ते पिवळं विजेचं चिन्ह

तुम्ही लिहिलंय की रास्पबेरी पाय थ्री बी प्लसला, म्हणजे त्या छोट्या स्वस्त कॉम्प्युटर बोर्डाला, यूएसबी हार्डडिस्क लावून घरचा फाइल सर्व्हर केलात, खोक्यावर गिगाबिट इथरनेट लिहिलंय तरी कॉपीचा स्पीड सेकंदाला १५-१८ एमबीच्या वर जात नाही, आणि मधूनच स्क्रीनवर पिवळं विजेचं चिन्ह येतं, मग बोर्ड डुप्लिकेट निघाला का? नाही हो, बोर्ड ओरिजिनलच असणार. दोन्ही गोष्टी डिझाइनमधूनच आल्यात.

२०१२ मध्ये पहिला पाय आला तेव्हा ३५ डॉलरमध्ये बसवायचा म्हणून ब्रॉडकॉमची बीसीएम २८३५ ही चिप घेतली. ती मुळात मल्टिमीडियाची, व्हिडिओला दणकट, सीपीयू ७०० मेगाहर्ट्झचा, आणि यूएसबी २.० चा पोर्ट फक्त एक, इथरनेट तर नाहीच. मग त्या एका पोर्टला लॅन ९५१२ नावाची चिप लावली, तिच्यात यूएसबी हब आणि १०० मेगाबिटचं इथरनेट दोन्ही. स्वस्तात काम झालं. पुढे पाय २, पाय ३ मध्ये कोअर बदलत गेले पण चिपच्या बाहेरचा हा रस्ता तोच राहिला, २०१८ च्या थ्री बी प्लसमध्येसुद्धा. फक्त हबची चिप नवीन, गिगाबिटवाली. मागे बोळ तोच, ४८० मेगाबिटचा, आणि त्यातून प्रत्यक्षात नेटवर्कला फार तर ३०० च्या आसपास मिळतात, हे पायच्या कंपनीनेच सांगितलं होतं.

आता तुमच्या केसमध्ये फाइल डिस्कवरून यूएसबीने आत येते आणि त्याच यूएसबीने नेटवर्कवर बाहेर जाते, म्हणजे प्रत्येक बाइट दोनदा. आठ बिटचा एक बाइट, म्हणून ३०० मेगाबिट म्हणजे साधारण ३७ एमबी, त्याचे अर्धे करा, आला की तुमचा आकडा. सेटिंग बदलून यात काही होणार नाही. स्पेसिफिकेशनमध्ये 'यूएसबी २.० वरून गिगाबिट' असं स्पष्ट होतं, विकणारे शेपूट कापतात. माझ्या मते निर्णय चुकीचा नव्हता, शाळेत पायथन शिकणाऱ्या पोराला याने काय फरक पडतो, पण फाइल सर्व्हर करणाऱ्याला पडतो.

आता विजेचं चिन्ह. बोर्डचा ५ व्होल्ट साधारण ४.६३ च्या खाली गेला की ते येतं आणि सीपीयूचा स्पीडही कमी केला जातो. गंमत अशी की पायवर ५ व्होल्ट तयार करणारा रेग्युलेटर नसतोच, अडॅप्टरमधून जे येतं तेच जवळपास थेट यूएसबी पोर्टला जातं. म्हणजे केबलमधला ड्रॉप सरळ डिस्कपर्यंत पोचतो. बारीक तारेच्या केबलचा रेझिस्टन्स जाऊन-येऊन ०.२ ओहम धरा, २ अँपिअर ओढले की ०.४ व्होल्ट गेले, ५ चे ४.६ झाले. म्हणूनच ऑफिशियल अडॅप्टर ५.१ व्होल्टचा असतो आणि त्याची केबल काढता येत नाही. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला मोबाइल चार्जर '३ अँपिअर' म्हणत असेल हो, पण सोबतची केबल कुठली?

लोक विचारतात मग ९ किंवा १२ व्होल्ट का घेत नाहीत. कारण मग बोर्डवर व्होल्टेज उतरवून ५ करणारा दणकट बक कन्व्हर्टर, त्याचा इंडक्टर (तारेचं वेटोळं), जागा, उष्णता, सगळं आलं. हा खर्च अडॅप्टरवर ढकललाय, म्हणजे आपल्या खिशावर. आणि पाय ५ मध्ये तर हे फारच टोकाला गेलंय, त्याला ५ व्होल्टलाच ५ अँपिअर लागतात, घरातले बहुतेक पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) चार्जर ५ व्होल्टला ३ च देतात, मग यूएसबी पोर्टचा एकूण करंट ६०० मिलीअँपिअरवर आवळला जातो. हे मला अजिबात पटलेलं नाही.

काटकसर दुसरीकडे करता येते, बीगलबोन ब्लॅक हा पायसारखाच दुसरा छोटा बोर्ड बघा. २०१३ मध्ये ४५ डॉलरला ईएमएमसी (बोर्डवरच बसवलेलं स्टोरेज), अ‍ॅनालॉग इनपुट, पॉवर बटण सगळं, पण व्हिडिओत पायच्या जवळपासही नाही. पायच्या साध्या बोर्डांना तर पॉवर बटण आणि आरटीसी (बंद असतानाही वेळ मोजत राहणारं घड्याळ) पाय ५ येईपर्यंत नव्हतं. तुमच्याकडे लाइट जात असेल तर हे लक्षात ठेवा, पाय वेळ इंटरनेटवरून घेतो, राउटर उशिरा उठला की तोवर पायचं घड्याळ मागेच राहतं आणि फाइल्सवर चुकीच्या तारखा पडतात. डीएस ३२३१ या आरटीसी चिपचं छोटं मॉड्यूल लावून टाका.

तुम्ही आत्ता करायचं ते असं, ५.१ व्होल्ट २.५ अँपिअरचा ऑफिशियल अडॅप्टर घ्या आणि डिस्क स्वतःचा अडॅप्टर असलेल्या हबवर टाका. हब बरा घ्या, काही स्वस्त हब उलटे ५ व्होल्ट पायमध्ये ढकलतात. चिन्ह जाईल, स्पीड मात्र आहे तेवढाच राहील. तो हवाच असेल तर पाय ४ चा २ जीबीवाला बघा, त्यात इथरनेट चिपमधूनच येतं आणि यूएसबी ३ पीसीआयई या दुसऱ्या वेगवान रस्त्यावर वेगळं, डिस्क निळ्या पोर्टला लावली की १०० एमबीच्या आसपास जायला हरकत नाही. पाय ५ ची या कामाला गरज नाही.