‘अपस्ट्रीम फ्रिक्वेन्सी हॉपिंग’ला मराठीत काय म्हणावं?

परळच्या एका वाचकांनी विचारलंय. केबल इंटरनेटच्या तंत्रज्ञांसाठी ते मराठी पुस्तिका तयार करताहेत. ‘केबल राउटरवर अपस्ट्रीम फ्रिक्वेन्सी हॉपिंग कॉन्फिगर करणे’ या मथळ्याचं भाषांतर यंत्राने ‘प्रतिप्रवाह आवृत्ती उडी संरचित करणे’ असं करून दिलं. हे चालेल का, आणि नसेल तर काय लिहावं?

नाही चालणार.

सगळ्यात ढोबळ चूक ‘आवृत्ती’ची. फ्रिक्वेन्सीला आवृत्ति म्हणतात ते हिंदीत. मराठीत आवृत्ती निघते पुस्तकाची, वर्तमानपत्राची आणि हल्ली सॉफ्टवेअरचीही. म्हणजे ‘आवृत्ती बदला’ हे वाचून तुमचा तंत्रज्ञ नवं सॉफ्टवेअर चढवायला बसेल. मराठी विश्वकोशात ‘कंप्रता’ आहे, शाळेच्या पुस्तकांत ‘वारंवारता’. माझं मत कंप्रतेला, कारण एखादी गोष्ट किती वेळा होते त्यालाही आपण वारंवारता म्हणतो आणि या प्रकरणात तोही मुद्दा येतो: हेडएंड (केबल कंपनीचं मुख्य केंद्र) प्रत्येक मोडेमची चौकशी दर किती सेकंदांनी करतं, हा. एकाच पानावर एक शब्द दोन अर्थांनी नको. अर्थात आकाशवाणीने ‘५५८ किलोहर्ट्झवर’ म्हणून वेळ निभावली आणि केबलच्या लाइनवरची मुलं सरळ ‘फ्रिक्वेन्सी’ म्हणतात. मथळ्यात कंप्रता, मजकुरात फ्रिक्वेन्सी, असं केलंत तरी कुणी अडखळणार नाही.

‘प्रतिप्रवाह’ का खटकतो? प्रति लागला की काहीतरी विरोधात चाललंय असं वाटतं. इथे विरोध कशाचाच नाही. घरातल्या मोडेमकडून हेडएंडकडे जाणारा सिग्नल म्हणजे अपस्ट्रीम, हेडएंडकडून घराकडे येणारा डाऊनस्ट्रीम. मुंबईकराला हे समजावायला नदी कशाला हवी? ठाण्याहून सीएसएमटीकडे येणारी लोकल ‘अप’, उलट जाणारी ‘डाऊन’. मुख्य ठिकाणाकडे जाते ती अप, हा हिशेब इथेही तंतोतंत लागू. म्हणून मी ‘अप दिशा’ असंच लिहीन. ‘ऊर्ध्वगामी’ वगैरे घडवायच्या भानगडीत पडू नका.

आता ‘हॉपिंग’. खरी मेख इथे आहे, कारण हा शब्द दोन वेगवेगळ्या गोष्टींना लावला जातो. ब्लूटूथमध्ये सिग्नल सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलतो. जुन्या ब्लूटूथमध्ये अशी ७९ चॅनेल. तिथे बदलणं हाच नियम. अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ साली ज्या कल्पनेचं पेटंट मिळालं, तीही याच जातीची. त्यात ८८ फ्रिक्वेन्सी होत्या, पियानोच्या पट्ट्यांइतक्या. त्याला ‘उड्या’ म्हटलं तर शोभतं.

केबलमध्ये मात्र उड्या मारत कुणी बसत नाही. अप दिशेला मुळात जागाच थोडी: जुन्या अमेरिकी पद्धतीत ५ ते ४२ मेगाहर्ट्झ, युरोपीय पद्धतीत ५ ते ६५. या पट्ट्यात लघुलहरी रेडिओ, २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचे सिटिझन बँड संच (सर्वसामान्यांनी बोलण्यासाठी वापरायचे बिनतारी संच), घरातल्या मोटारी यांची खरखर घुसते, आणि ती घुसते सैल कनेक्टरमधून, सोललेल्या केबलमधून, गंजलेल्या स्प्लिटरमधून. गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या केबली आणि चार पावसाळे म्हटल्यावर आणखी काय सांगायचं! डाऊन दिशेला एका घरातली खरखर बहुतेक करून त्या घरापुरती राहते. अप दिशेला मात्र एका नोडवरच्या (वस्तीतल्या केबली जिथे एकत्र येतात त्या ठिकाणच्या) सगळ्या घरांची खरखर गोळा होऊन एकत्र हेडएंडला पोचते. मोडेमची उत्तरं ठरावीक मर्यादेपलीकडे बुडायला लागली की हेडएंडचं यंत्र त्या चॅनेलला दुसऱ्या, आधी नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सीवर नेतं आणि मोडेमना तसं कळवतं. काही यंत्रं आधी नवी जागा स्वच्छ आहे का ते तपासतात, काही डोळे मिटून जातात. आठवड्यातला वार आणि वेळ नेमून बदल करण्याचीही सोय असते. मग पुढच्या अडचणीपर्यंत मुक्काम तिथेच.

मेगाब्लॉकच्या रविवारी ‘अप धीम्या मार्गावरील गाड्या जलद मार्गावर वळवण्यात येतील’ असं ऐकतो, त्यातलंच हे. याला ‘पालट’ हा शब्द चपखल बसतो. खांदेपालट, पीकपालट यांत कारण पडलं म्हणून, विचाराने केलेला बदल आहे. म्हणून ‘कंप्रतापालट’. ‘पट्टी बदलणे’ हा गवयांचा प्रयोग मला फार मोहात पाडतो (गळा साथ देईना की गवई फ्रिक्वेन्सीच बदलतो), पण बँडसाठी तुम्हाला ‘पट्टा’ लागणारच आहे. पट्टा आणि पट्टी शेजारी आले की छपाईत घोळ ठरलेला.

‘संरचित’ तर सोडूनच द्या. आपण अलार्म लावतो, रेडिओ लावतो, चॅनेल लावतो. ‘सेट करणे’ही सर्वांना कळतं.

मथळ्यात आणखी एक सापळा आहे, तुम्ही विचारला नसलात तरी. लोकांच्या बोलण्यात ‘राउटर’ म्हणजे घरातला वायफायचा डबा. इथला केबल राउटर हेडएंडला असतो, शेकडो मोडेम सांभाळणारा. नुसतं राउटर लिहिलंत तर नवशिका मुलगा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन डबा उघडेल. ‘हेडएंडचा राउटर’ लिहा. आणि ‘स्पेक्ट्रम ग्रुप’, म्हणजे कोणकोणत्या फ्रिक्वेन्सीवर जायची मुभा आहे त्याची यादी, हा राउटरला टाइप करून द्यायच्या आज्ञेतला (कमांडमधला) शब्द आहे. अर्थ एकदा मराठीत द्या, आज्ञा मात्र जशीच्या तशी छापा, नाहीतर यंत्र ती घेणार नाही.

तेव्हा मथळा: ‘हेडएंडच्या राउटरवर अप दिशेचा कंप्रतापालट सेट करणे’. पालट पुल्लिंगी आहे, म्हणून मजकुरात ‘कंप्रतापालट झाला’, ‘कंप्रतापालट अडला’ असं येईल. कंप्रतेकडे बघून ‘झाली’ करू नका.