ट्रेस करणे म्हणजे अनुरेखन नव्हे, मागोवा

प्रश्न आलाय की प्रोग्राम कुठे चुकतोय ते बघायला तो एकेक ओळ चालवत नेतात, त्या ट्रेसिंगला मराठीत 'अनुरेखन' म्हटलं तर चालेल का. नाही चालणार. अनुरेखन म्हणजे नकाशावर पारदर्शक कागद ठेवून रेघेवर रेघ ओढणं, सरकारी खात्यात अनुरेखक हे पद असतं ते ह्याच कामाचं. डीबगिंग करताना, म्हणजे प्रोग्राममधली चूक शोधताना, कोण काय गिरवतं? इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे म्हणून मराठीतही एकच पाहिजे, हा हट्ट कशाला?

आपल्याकडे मागोवा आहे की. पण त्याचीही पार वाट लावलीय, डिसेंबर संपत आला की 'सरत्या वर्षाचा मागोवा' सुरू आणि आत बघावं तर बारा महिन्यांच्या बातम्यांची यादी. अहो, तो आढावा! आढावा उंचावर उभं राहून घेता येतो, मागोवा घ्यायला खाली वाकून पावलं बघत जावं लागतं. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात 'व्यासाचा मागोवा घेतु, भाष्यकारांतें वाट पुसतु' असं येतं, तिथे ज्ञानदेव व्यासांचा गोषवारा देत नाहीयेत, त्यांच्या पावलावर पाऊल टाकत चाललेत आणि भाष्यकारांना वाट विचारतायत.

आणि ह्यातला 'माग' कुठून आला बघा. माग आला मार्गवरून, आणि संस्कृत-इंग्रजी कोशकार मॉनियर-विल्यम्स मार्गचा संबंध थेट मृगाशी लावतो, म्हणजे मुळात मार्ग ही रानातल्या जनावराच्या पावलांची वाट! शिकारी तिच्यावरून जायचा, मग सगळेच जायला लागले आणि तिचा रस्ता झाला. आकाशातसुद्धा मृगामागे व्याध आहेच. संस्कृतातले काही पंडित मार्ग मृज् म्हणजे घासून पुसणे ह्या धातूवरून काढतात, पायांनी पुसली गेलेली ती वाट म्हणे. मला हे अजिबात पटत नाही. पुसलेल्या जागेवर माग राहील कसा? शिवाय मार्ग् धातूचा अर्थच शोधणे, त्यावरूनच आपलं मागणे आलं, ते पुसण्यातून कसं काढणार? (हातमागातला माग वेगळा, कानडीत मग्ग, तेलुगूत मग्गमु, त्याला ह्यात ओढू नका.)

माग काढणं हे आपल्याकडे गावकीचं कामच होतं. पेशवाईचा मुलूख घेतल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननं केलेल्या १८१९च्या अहवालात गावच्या राखणदाराची ही जबाबदारी आलीय, चोरी झाली की त्यानं चोराचा माग काढत शिवेपर्यंत जायचं, माग पलीकडे गेलेला दाखवून दिला की पुढचं काम त्या गावच्या राखणदाराचं. डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्राम ओळीओळीला थांबवत चालवायच्या साधनात, नेमकं हेच चालतं! फंक्शन कॉल आला, म्हणजे एखाद्या ओळीनं प्रोग्रामचा दुसरा तुकडा कामाला बोलावला, की तुम्ही शिवेवर उभे, व्हिज्युअल स्टुडिओ ह्या प्रोग्राम लिहायच्या साधनात एफ ११ दाबलं तर शीव ओलांडून आतल्या गावात शिरता, एफ १० दाबलं तर त्या गावावर विश्वास ठेवून तसेच पुढे जाता. आणि जीडब्ल्यू-बेसिक ह्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत तर ट्रॉन टाईप केलं की चाललेल्या प्रत्येक ओळीचा नंबर चौकटी कंसात उमटत जायचा, [३०] [४०] [३०] [४०], अगदी धुळीतले ठसेच.

परवा भाच्यानं पायथनचा प्रोग्राम दाखवला, १ ते १० ची बेरीज ५५ यायला हवी तर येत होती ४५. म्हणाला मी ट्रेस केला पण काही सापडलं नाही. केलं काय होतं तर नुसता कोड तीनदा वाचला होता. वाचणं म्हणजे मागोवा नव्हे रे बाबा. कागदावर दोन रकाने पाडायला लावले, एकात आय, म्हणजे दर फेरीला मिळवायचा आकडा, दुसऱ्यात बेरीज, १ ला १, २ ला ३, ३ ला ६ असं करत ९ ला ४५ आले आणि पुढे पाऊलच नाही! त्यानं रेंज(१, १०) लिहिलं होतं, आणि पायथनची रेंज शेवटचा आकडा घेत नाही.

पायथनचा प्रोग्राम कोसळला की ट्रेसबॅक नावाचा जो मजकूर येतो त्यालाही लोक ट्रेस केलं म्हणतात, तेही चूक. त्यात प्रत्येक चाललेली ओळ नसते, प्रोग्राम कोसळला तेव्हा कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं होतं एवढीच साखळी असते. तिच्यावरून उलटं जात मूळ शोधायचं त्याला माग काढणे म्हणा, आणि सुरुवातीपासून प्रोग्रामच्या बरोबर ओळीओळीनं चालायचं त्याला मागोवा घेणे. अनुरेखन नकाशावाल्यांकडेच राहू दे.