'दिसलं' म्हणण्याआधी

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

सांब्र्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) हुबळीची एकटीची क्रॉसकंट्री, म्हणजे दुसऱ्या विमानतळापर्यंतचं शिकाऊ उड्डाण, ठरली हे वाचून फार आनंद झाला. पत्राच्या शेवटी तू विचारलंस की, एवढी यंत्रं हाताशी असताना मोठ्या विमानांचे वैमानिक भलत्याच विमानतळावर उतरतातच कसे? माझी सगळी नोकरी विमानतळाच्या टॉवरमध्ये नियंत्रक म्हणून गेली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. हे लोक अडाणी होते किंवा निष्काळजी होते, असं उत्तर कुणी दिलं तर मुळीच मानू नकोस.

मुंबईचंच बघ. १९५३ साली एक कॉमेट जेट सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं. १९७२ साली जपान एअर लाइन्सचं डीसी-८ तिथेच उतरलं आणि धावपट्टी संपवून पुढे गेलं. माणसं वाचली, विमान कायमचं गेलं. एकाच जागी एकोणीस वर्षांच्या अंतराने तीच चूक घडली, म्हणजे कारण माणसांइतकंच त्या जागेतही असणार. धावपट्टीचा आकडा म्हणजे तिच्या दोन टोकांच्या कंपासवरच्या दिशा, शेवटचं शून्य गाळून. जुहूच्या धावपट्टीचा क्रमांक ०८/२६, सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीचा ०९/२७. दिशा जवळपास एकच, आणि पश्चिमेकडून येताना जुहू आधी लागतं.

अमेरिकेतल्या दोन गाजलेल्या घटनांतही हेच दिसतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ड्रीमलिफ्टर, म्हणजे पोट फुगवलेलं प्रचंड ७४७, विचिटाच्या मॅककॉनेल हवाई तळाऐवजी उत्तरेकडच्या जबारा नावाच्या लहान विमानतळावर उतरलं. आपण नेमके कुठे आहोत हे वैमानिकांना उतरल्यावरही काही वेळ उमगत नव्हतं. जानेवारी २०१४ मध्ये साउथवेस्टचं ७३७ १२४ प्रवासी घेऊन ब्रॅन्सनला निघालं होतं. ७,१४० फुटांची धावपट्टी अपेक्षित होती आणि ते उतरलं जवळच्या दुसऱ्याच विमानतळाच्या ३,७३८ फुटांच्या पट्टीवर. कडकडून ब्रेक मारले तेव्हा कुठे टोकाशी थांबलं. दोन्ही विमानं उत्तरेकडून येत होती, आणि दोन्ही वेळा चुकीचं विमानतळ खऱ्याच्या अलीकडे, वाटेवरच होतं.

ब्रॅन्सनच्या वैमानिकांनी यंत्रात खरं विमानतळच भरलं होतं, हे नीट लक्षात घे. खरं उत्तर समोरच्या पडद्यावर होतं. पण अंधारात बीकन, म्हणजे विमानतळाचा फिरता दिवा, दिसला, धावपट्टीचे दिवे दिसले, 'फील्ड इन साइट' (विमानतळ दिसला) असं सांगून झालं, आणि त्यानंतर नजर काचेबाहेरच राहिली. एकाने 'ते बघ' म्हटलं की दुसराही तेच बघायला लागतो. दोघांची मिळून तपासणी व्हायची, ती तिथेच संपते.

आता टॉवरच्या बाजूने सांगतो, कारण हे तुला कॉकपिटमधून कधी दिसणार नाही. 'फील्ड इन साइट' कानावर आलं की नियंत्रकाचाही जीव थोडा खाली बसतो. व्हिज्युअल ॲप्रोच (डोळ्यांनी बघून यायची मुभा) दिला, उतरायची परवानगी दिली, की तो दुर्बीण घेऊन फायनलकडे, म्हणजे धावपट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ वाटेकडे, डोळे लावतो. विमान भलतीकडे असेल तर त्याला दिसते फक्त रिकामी दिशा. लँडिंग लाइट अजून का दिसत नाही, असं त्याच्या मनात येईपर्यंत शेवटची दोन-तीन मिनिटं निघून गेलेली असतात. म्हणून ते तीन शब्द उच्चारायच्या आधीच खात्री करायची. नंतर तुला अडवणारं फारसं कुणी उरत नाही.

निपाणीच्या स्टँडवर नुसता लाल रंग बघून गाडीत चढलेला माणूस संकेश्वरऐवजी चिकोडीला पोचतो. पाटी कानडीत असली तरी ती वाचायलाच लागते. विमानतळाची पाटी कोणती, हा खरा प्रश्न आहे. धावपट्टीवर रंगवलेला आकडा ही ती पाटी, असं तुला वाटेल. आपल्या भागात तेवढ्यावर भागत नाही. सांब्रा ०८/२६, हुबळी ०८/२६, गोव्याचं दाभोळीही ०८/२६, आणि कोल्हापूर ०७/२५. वारा सगळीकडे मुख्यतः पश्चिमेचा, म्हणून धावपट्ट्याही त्याच दिशेला आखलेल्या. कंपास आणि आकडा दोन्ही 'बरोबर' म्हणतील आणि तरीही तू भलतीकडे असू शकशील. आपल्याकडे या विमानतळांत अंतर बरंच आहे, हे खरं. पण पावसाळ्यात ढगाखालून वाट काढताना वेळेचं भान सुटलं की अंतराचा भरवसा धरू नये.

तेव्हा फरक दाखवणारी खूण शोध. सांब्र्याला शहर धावपट्टीच्या पश्चिमेला, हुबळीला ते पूर्वेला. म्हणजे २६ वर उतरताना सांब्र्याला बेळगाव समोर दिसेल, हुबळीला मात्र गाव मागे पडलेलं असेल. ही एक खूण आकड्यापेक्षा मोलाची. शिवाय निघाल्याची वेळ कागदावर लिही. पुढचा विमानतळ हिशेबाच्या आधीच दिसला, तर खूश होऊ नकोस, तिथेच थांबून विचार कर. आकाश कितीही स्वच्छ असो, जीपीएसवरचं उरलेलं अंतर वाच आणि मोठ्याने बोल. तेरा मैल उरले असताना धावपट्टी नाकासमोर आली, तर ती तुझी नव्हे.

जुन्या काळी लंडनला यावर जमिनीवरच उपाय केला होता. १९६० साली एक ७०७ जेट हीथ्रोऐवजी जवळच्या नॉर्थोल्ट विमानतळावर उतरलं. तिथल्या वाटेवर गॅसच्या मोठाल्या टाक्या होत्या. एकीवर नॉर्थोल्टसाठी एन ओ आणि दुसरीवर हीथ्रोसाठी एल एच अशी भलीमोठी अक्षरं रंगवली होती. मला तो उपाय फार आवडतो. थकलेल्या डोळ्यांना उपदेश न करता, जिथे ते चुकतात तिथेच त्याने पाटी लावली.

शंका आली तर वर जा आणि विचार. रेडिओवर 'माझी जागा सांगा' म्हणणाऱ्या शिकाऊ पोरीबद्दल मी ज्यांच्यासोबत काम केलं त्यांच्यापैकी कुणीही वाईट बोललं नाही, उलट असा आवाज आला की आम्ही सगळे सावरून बसायचो. आणि समजा चाकं टेकल्यावर कळलं, तर लपवायला म्हणून घाईने पुन्हा उडू नकोस. ती पट्टी तुझ्या विमानाला पुरते की नाही, हे तेव्हा तुला ठाऊक नसतं. थांब, सांग, आणि पुढचं ठरवायला मदत घे.

रविवारी दुपारी मी घरीच आहे. नकाशा, मोजपट्टी आणि तुझा वेळेचा हिशेब घेऊन ये. हुबळीच्या दहा मैल अलीकडे काय काय दिसायला हवं, ते तू मला न बघता सांगायचं. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका