टोकनचे दीड लाख एजंटकडे अडकलेत? आधी तारीख बघा

पुण्याहून एका ताईंचा मेल आलाय. धायरीतला एक रिसेल टू बीएचके एजंटमार्फत बघितला, पसंत पडला आणि १४ मार्च २०२२ ला दीड लाख टोकन एनईएफटीने सरळ एजंटच्या खात्यात टाकलं. ९ मे ला बँकेने लोन नाकारलं कारण बिल्डिंगला कंप्लिशन सर्टिफिकेटच (बांधकाम नियमाप्रमाणे पूर्ण झाल्याचा दाखला) नव्हतं. तेव्हापासून एजंट "फ्लॅट विकला की लगेच देतो" म्हणत होता, आता म्हणतोय टोकन नॉन-रिफंडेबल आहे, शिवाय माझी दलाली त्यातूनच वजा होणार. ताई विचारतात की रेरात (घरबांधणी व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे) जाऊ का, पोलिसांत दिलेल्या अर्जाचं पुढे काय करू, आणि आता दुसरा फ्लॅट बघतेय तर एजंट कसा निवडू. असे मेल सारखे येतात, एरिया आणि रक्कम तेवढी बदलते.

ताई, कंप्लिशन बघायच्या आधी टोकन द्यायला नको होतं, ते एजंटच्या खात्यात तर नकोच होतं, हे तुम्हाला आता कळलेलं आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही. तुम्ही जे विचारलंच नाहीत ते सांगतो. हे उत्तर मी २८ जानेवारी २०२५ ला लिहितोय. अशा पैसे वसुलीच्या दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षं. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम दीड महिना उरलाय आणि तुम्ही अजून विचारताय की नोटीस पाठवली तर त्याला राग येईल का, कारण तो मिस्टरांच्या ओळखीतला आहे. येऊ दे राग!

मुदत नक्की कधी संपते यावर वाद होऊ शकतो. लिमिटेशन अॅक्टच्या (दाव्यांच्या मुदतीचा कायदा) आर्टिकल ४७ प्रमाणे ज्या कारणासाठी पैसे दिले ते कारणच फसलं तर फसल्याच्या तारखेपासून तीन वर्षं, म्हणजे लोन नाकारलं तिथून, ९ मे २०२५ पर्यंत. तुमच्या केसला हेच लागू पडतं असं माझं मत आहे. पण समोरचा वकील आर्टिकल २४ दाखवणार, की दुसऱ्यासाठी म्हणून पैसे घेतले तर पैसे हातात आले त्या दिवसापासून तीन वर्षं. म्हणजे १४ मार्च २०२५. कोर्ट कोणतं मान्य करेल हे आज मी छातीठोकपणे सांगणार नाही, आणि सांगायची गरजही नाही, कारण दोन्हीतली आधीची तारीख धरून दावा टाकला की तो वादच उरत नाही. त्यात १४ मार्चला धुळवड आहे. कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो, त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये तशी सोय आहे, पण त्या सोयीवर विसंबू नका, फेब्रुवारीतच दावा टाका. कोविडची सूटही विसरा, सुप्रीम कोर्टाने मुदत मोजताना वगळलेला काळ २८ फेब्रुवारी २०२२ ला संपला आणि तुम्ही टोकन दिलं त्यानंतर.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. वकिलाची नोटीस पाठवली की मुदत थांबते असं लोकांना वाटतं. नाही थांबत. पोलिसांतल्या अर्जानेही थांबत नाही, आणि तुमचा अर्ज तर पावणेदोन वर्षं नुसता पडून आहे. साधी आठ-दहा दिवसांची नोटीस पाठवा, पण तिच्या उत्तराची वाट बघत फेब्रुवारी घालवू नका, दावा त्याच वेळी लिहायला द्या.

मुदत नव्याने सुरू होते ती लिमिटेशन अॅक्टच्या कलम १८ ने, समोरच्याने मुदतीच्या आत लेखी आणि सहीने देणं कबूल केलं तर. गंमत बघा... खरं तर गंमत नाही, तुमच्या नशिबाने, ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने व्हॉट्सअॅपवर लिहिलंय, "ताई तुमचे दीड लाख माझ्याकडे जमा आहेत, फ्लॅट विकला की देतो". हा मेसेज सोन्यासारखा आहे पण यात सही कुठे आहे यावर तो भांडेल आणि निकाल कुठल्याही बाजूला जाऊ शकतो. त्यामुळे तो मेसेज आधाराला ठेवा, थांबायचं कारण म्हणून नको. त्याला एकदा भेटून साध्या कागदावर रक्कम, तारीख आणि सही घेता आली तर बघा, "देणं आहे पण आत्ता देत नाही" एवढं लिहिलं तरी कायद्याने ती कबुलीच धरतात. व्हॉइस मेसेजला लेखी म्हणता येणार नाही. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, मेसेज पुराव्यात द्यायचा तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं सर्टिफिकेट लागेल, नुसते स्क्रीनशॉट चालत नाहीत.

नॉन-रिफंडेबलचं काय, तर तुम्ही पाठवलेला पावतीचा फोटो मी मोठा करून बघितला. वर छापील ओळ आहे, टोकन परत मिळणार नाही. खाली निळ्या पेनाने तिरकं लिहिलंय "लोन नाही झालं तर टोकन रिटर्न" आणि त्याच्याखाली त्याची सही, बाजूला अर्धवट उमटलेला शिक्का. छापील आणि हाताने लिहिलेलं एकमेकांविरुद्ध असेल तर हाताने लिहिलेलं सहसा वरचढ धरतात कारण तेच त्या व्यवहारापुरतं ठरलेलं असतं. अख्खी केस या निळ्या ओळीवर उभी आहे. ओरिजनल पावती लॅमिनेट करू नका, पंच करू नका. पण ही ओळ एकटी पुरत नाही, लोन झालं नाही हे तुम्हाला कागदाने दाखवावं लागेल, आणि तुमच्या मेलमध्ये लिहिलंय की बँकेच्या माणसाने फोनवर सांगितलं. फोनवर! पावणेतीन वर्षांत एक पत्र मागितलं नाहीत. उद्याच ब्रँचला मेल टाका, अर्ज क्रमांक देऊन, नाकारल्याची तारीख आणि कारण लेखी मागा. कारण महत्त्वाचं आहे, बिल्डिंगच्या कागदांमुळे नाकारलं की तुमच्या पगार-सिबिलमुळे, पहिलं असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम.

दावा एजंट आणि फ्लॅटमालक दोघांवर करा. एजंट म्हणेल मी मालकातर्फे घेतले, मालक म्हणेल मला मिळालेच नाहीत, आणि एकालाच पार्टी केलंत तर दुसऱ्याच्या नावाने तो सुटायला बघेल. नक्की कोणाकडून घ्यायचे याची शंका असेल तर दोघांना पार्टी करायची मुभा सिव्हिल प्रोसिजर कोडमध्येच आहे. पावती स्पष्ट असल्यामुळे त्याच कोडमधल्या ऑर्डर ३७ चा समरी दावा (लेखी कागदावरून झटपट चालणारा) बसतो का ते तुमच्या वकिलांनी ओरिजनल बघून ठरवावं, मी फोटोवरून हो म्हणत नाही. शिवाजीनगर कोर्टात साध्या दाव्याला किती वर्षं लागतील विचारू नका, दीड लाखासाठी माणसाला एवढं थांबवणं हे मला अजूनही पटत नाही. पण दावा दाखल असला की लोकअदालतीत तडजोडीला हेच लोक येतात, आणि तिथे मिटलं तर कोर्ट फी परत मिळते.

रेराचं थोडक्यात. रेरातली एजंटची नोंदणी ही नोंदणीकृत प्रोजेक्टमधल्या विक्रीसाठी आहे. जुन्या सोसायटीतल्या रिसेलला तिथे फारसं काही हाती लागेल असं वाटत नाही. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं, ती गेली, उशीर माफीचा अर्ज करता येतो पण "ओळखीचा होता म्हणून थांबले" हे कारण कितपत चालेल शंका आहे. दलालीचं म्हणाल तर खरेदीखत झालंच नाही, त्यामुळे त्याची मागणी कच्ची वाटते, पण तुम्ही कुठे मेसेजमध्ये दलालीला "ओके" लिहिलंय का ते शोधा आणि वकिलांना आधीच दाखवा.

नवीन एजंटबद्दल. त्याचा रेरा नंबर असेल तर महारेराच्या साईटवर टाकून बघा, नसेल तर आधार-पॅनवरचं नाव आणि राहता पत्ता तरी घ्या. या आधीच्याचा तुमच्याकडे फक्त मोबाईल नंबर आहे आणि ऑफिसला आता दुसऱ्याचं दुकान आहे, मग समन्स बजावायचं कुठे? दावा लिहायच्या आधी त्याचा घरचा पत्ता मिस्टरांकडून काढा, ओळख आहे ना, तिचा एवढा तरी उपयोग होऊ दे. नव्या व्यवहारात टोकन मालकाच्या खात्यात, तेही कंप्लिशन आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) बघितल्यावरच, आणि लोन न झाल्यास किती दिवसांत परत ते तारखेसकट, मालकाच्या सहीने. दलाली खरेदीखत रजिस्टर होईल त्या दिवशी, आधी नाही, हेही लिहून. यातल्या एकालाही एजंट नाही म्हणाला तर तो एजंट सोडा, पुण्यात एजंट कमी नाहीत.

पावती, त्या महिन्याचं बँक स्टेटमेंट, फोन आणि बँकेला टाकलेल्या मेलची प्रिंट घेऊन याच आठवड्यात वकील गाठा. बँकेचं उत्तर नंतर जोडता येईल.