आधी फलक उतरवा

"ताई, मी पेडणे तालुक्यातली. यजमान वीज खात्यात लाइनमन, मी घरी शिवणकाम करते. थोरली मुलगी तेवीस वर्षांची. शाळेत असल्यापासून चालण्याच्या शर्यतीत उतरते, 20 किलोमीटरच्या. राष्ट्रीय पातळीवर एकदा कांस्यपदक मिळालं तेव्हा सगळे म्हणू लागले, आता ऑलिम्पिक. आम्हीही तेच धरून चाललो. पण पॅरिसच्या आधीच्या शेवटच्या शर्यतीत सोळाव्या किलोमीटरला लाल कार्डं पडून तिला बाहेर काढलं. तेव्हापासून पोर बदलली. पूर्वी पहाटे साडेचारला उठून तिठ्यावरून मोपाच्या बाजूला सरावाला जायची, ते बंद झालं. आता रात्री दहा वाजले की मागच्या दाराने निघते आणि तिळारीच्या कालव्याच्या कडेने एकटीच चालत राहते. जेवण-झोप ठीक आहे, धाकट्याचा अभ्यास घेते, पण तिठ्यावरच्या दुकानातून काही आण म्हटलं तर जात नाही. लोक विचारतात, त्यांना काय सांगायचं? तिठ्यावर 'ऑलिम्पिकसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असा फलक लावलेला तोही अजून तसाच आहे, पावसात एक कोपरा सुटलाय. तो पंचमंडळींनी लावलेला, आपल्या हातात काय! (फोटो तेवढा आम्ही दिलेला, तिला सरप्राइज म्हणून.) तिच्यासाठी आम्ही काय कमी केलं? माझ्या पाटल्या मोडल्या. आता एका हायस्कुलात शारीरिक शिक्षणाची जागा निघालीय, तिचं बी.पी.एड. झालंय. कुडाळचं एक चांगलं स्थळही आलंय. ऑलिम्पिक विसर आणि मार्गाला लाग, हे तिला कसं समजावू?
— एक आई"

वहिनी,

पाटल्यांचं मी काही बोलणार नाही. मोडल्यात हे खरं, आणि ते तुमच्या मुलीला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही आणखी आठवण करून दिली नाहीत तर बरं.

मी अडकले ती तुमच्या कंसापाशी. पत्रभर मुलीचं काय बिघडलं ते लिहिलंत आणि जे तुमच्या हातून झालं ते कंसात घालून पुढे गेलात. फोटो "तेवढा" तुम्ही दिलात. तिला विचारलं नाहीत. सरप्राइज!

तो फलक लागला तेव्हा तिची निवड झाली होती का? नव्हती. एक कांस्यपदक आलं होतं, तेही देशातल्या स्पर्धेत. निवड झालेली नाही हे अख्ख्या गावात जिला नीट कळत होतं, अशी ती एकटीच. आणि तिलाच रोज पहाटे स्वतःच्या त्या भल्यामोठ्या चेहऱ्याखालून चालत जावं लागत होतं. शेवटच्या शर्यतीला ती काय ओझं घेऊन उतरली असेल याचा विचार केलात कधी?

तुम्हाला वाटतंय, ती हरल्याचं दुःख करत बसली आहे. मला तसं वाटत नाही. खेळाडू हरतात, वर्षभर कुठे ना कुठे हरतच असतात. हरून घरी येऊन जेवून झोपायची त्यांना सवय असते. या मुलीला लाज वाटतेय ती खोटं पडल्याची, आणि ते खोटं तिने बोललेलंच नाही. तुम्ही आणि पंचमंडळींनी मिळून तिच्या नावावर ते बोललात आणि तिठ्यावर टांगून ठेवलंत.

तुमच्या मुलीचा खेळ काय आहे, वहिनी? इतकी वर्षं डबा भरून दिलात, पण हे कधी समजून घेतलंत का, अशी मला शंका येते. चालण्याच्या शर्यतीत दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटलेले दिसता कामा नयेत. पुढचा पाय टेकल्यापासून शरीराखाली सरळ येईपर्यंत त्याचा गुडघा ताठ राहिला पाहिजे. वाटेत पंच उभे असतात, कॅमेरा नाही, नुसत्या डोळ्यांनी बघतात. चुकलं तर लाल कार्ड, आणि ठरावीक कार्डं झाली की शर्यत संपली, मग तुम्ही पहिल्या असा की शेवटच्या. ज्या खेळात पाय हवेत दिसला तर बाहेर काढतात, त्या खेळातल्या मुलीला तुम्ही लोकांनी अख्खी उचलून दोन खांबांच्या मध्ये हवेत बांधलीत.

आणि ऑलिम्पिक ही कुणी प्रेमाने देण्यासारखी गोष्टच नाही. पॅरिससाठी बायकांच्या 20 किलोमीटर चालीची पात्रता वेळ होती 1 तास 29 मिनिटं 20 सेकंद. म्हणजे एक किलोमीटर साडेचार मिनिटांच्या आत, आणि तसे सलग वीस, चालत. आपल्या गावातली तरणी पोरं धावतसुद्धा एवढ्या वेगाने दोन किलोमीटर टिकणार नाहीत. साऱ्या जगातून फक्त 48 बायका, एका देशाच्या जास्तीत जास्त तिघी. वेळ जमली नाही तर जागतिक क्रमवारीच्या वाटेने नाव लागू शकतं, पण तिथेही आकडाच लागतो, शिफारस नाही. खेळाडूला ऑलिम्पिकचं एवढं अप्रूप का असतं, याचं मला वाटतं हे एक मोठं कारण. आपल्याकडे नोकरीला ओळख लागते, सत्काराला ओळख लागते, देवळाच्या उत्सवात पहिल्या रांगेत खुर्ची मिळवायलासुद्धा ओळख लागते. त्या पांढऱ्या रेषेमागे मात्र जो उभा असतो तो आपल्या आकड्यावर उभा असतो, आणि ते त्याला स्वतःला माहीत असतं.

पदकाचं तर सोडाच. ते आपल्याला लागतं, फलकावर छापायला. स्पेनचा हेसूस आंगेल गार्सिया नावाचा चालपटू आहे. तुमच्या मुलीला नक्की माहीत असेल, तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं. 1992च्या बार्सिलोनापासून टोकियोपर्यंत तो ओळीने आठ ऑलिम्पिकमध्ये चालला. टोकियोत 50 किलोमीटर चालला तेव्हा वय 51. आठांत मिळून पदकं किती? एकही नाही. बीजिंगला चौथा आला, ती सगळ्यांत वरची जागा. आता या माणसाला "ऑलिम्पिक विसर आणि मार्गाला लाग" असं सांगणारं त्याच्या घरी कुणी असतं तर? आपल्या केरळच्या के. टी. इरफानने 2012मध्ये लंडनला 20 किलोमीटर चालून राष्ट्रीय विक्रम केला आणि दहावा आला. ऑलिम्पिकच्याच दिवशी देशाचा विक्रम! याच्याहून मोठं काय असतं हे खेळाडूला विचारा. लोकांना मात्र दहाव्या नंबरचं करायचं काय तेच कळत नाही. प्रियांका गोस्वामी टोकियोत 17वी आली, पॅरिसला 41वी. तरी गेली आणि शर्यत पूर्ण करून आली.

लांब कशाला, आपली गोव्याची तनिशा क्रास्टो. पॅरिसला अश्विनी पोनप्पाबरोबर बॅडमिंटनच्या दुहेरीत खेळली, गटातले तिन्ही सामने हरली. शेवटच्या सामन्यानंतर अश्विनीने हे आपलं शेवटचं ऑलिम्पिक म्हणून सांगितलं आणि दोघीही रडल्या. पण तनिशाला तोंड लपवायची वेळ आली नाही, कारण ती तिथे पोचली होती ती आपल्या खेळावर आणि हरली ती कोर्टावर, सगळ्यांसमोर. तुमच्या मुलीलाही असं सगळ्यांसमोर हरायला मिळालं, सोळाव्या किलोमीटरला. ते ती पचवील. तिठ्यावरचं काय पचवायचं?

खाशाबा जाधवांची बैलगाड्यांची मिरवणूक मराठी माणसाला पाठ असते. ती हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आल्यावर निघाली, 1952मध्ये. त्याआधी 1948ला लंडनमध्ये ते सहावे आले होते, ते कुणाला आठवत नाही. आणि हेलसिंकीला जाण्याआधी त्यांच्यासाठी काय झालं? कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून पैसे उभे केले. आधी पैसे आणि मागाहून मिरवणूक, असा तो क्रम होता. तुमच्या तिठ्यावर मिरवणूक आधी काढली. फलकावर तुमच्या मुलीच्या शेजारी ज्यांचे हात जोडलेले फोटो आहेत (असतीलच, आणि तिच्या फोटोहून मोठे असतील), त्यांतल्या एकाने तरी तिला कधी बुटांचा जोड घेऊन दिला का? चालणाऱ्याचे बूट किती लवकर झिजतात ते त्यांना माहीत नसेल. तुम्हाला माहीत आहे, पाटल्या तुमच्या गेल्यात.

बरं, आता रात्रीच्या चालण्याचं. तुम्ही ते असं लिहिलंय जसं काही मुलीला बाहेरचं काही झालंय. अहो, ती सराव करतेय! घरात कुणाला न सांगता, घड्याळ लावून की न लावता ते मला ठाऊक नाही, पण चालतेय. जिने सोडलंय ती कालव्यावर कशाला जाईल? ती घरी बसून मोबाइल बघेल. पहाटेचा रस्ता तिने सोडला कारण तो तिठ्यावरून जातो. दुकानात जात नाही, तेही त्याच तिठ्यावर आहे. हे तुम्हीच लिहिलंय सगळं, एकाखाली एक, फक्त जोडून बघितलं नाहीत. लोकांच्या तोंडाला ती एवढी भीत नसावी. ते विचारतात आणि विसरतात. फलक विसरत नाही.

आणि कालव्याचा रस्ता रात्री दहानंतर एकट्या मुलीने चालण्याचा नव्हे. तिथे दिवा नाही, बाजूला पाणी आहे, साप-किरडू आहे, आणि माणसांचं तर मी सांगायलाच नको. तुमची ती भीती रास्त आहे. पण दार लावून घेऊन ती मिटणार नाही, मुलीला तिचा पहाटेचा रस्ता परत मिळाला की मिटेल.

तेव्हा एकच काम करा. उद्या पहाटे तुमच्या यजमानांना शिडी घेऊन तिठ्यावर पाठवा आणि तो फलक उतरवा. लाइनमनच्या घरात बसून "आपल्या हातात काय" असं लिहिता? खांब खात्याचे आहेत, पंचांचे नव्हेत. पंचमंडळींची परवानगी मागू नका, ग्रामसभेत विषय काढू नका. फोटो देताना मुलीची परवानगी घेतली नव्हती, आता इतरांची कशाला? तुम्हीही सोबत जा, शिडी धरायला. चारही कोपऱ्यांची दोरी कापा, लोंबतं काही ठेवू नका, घडी करून कुणाच्या तरी लाकडांवर झाकायला देऊन टाका. आपल्या घरी आणू नका. उगाच माळ्यावर जपून ठेवाल.

पंच विचारायला आले तर सांगा, निवड झाली की नवा लावा, तेव्हा फोटो आम्ही तिला विचारून देऊ. रागावले तर रागावू देत. निवडणूक आली की आपोआप हसतील.

मुलीला यातलं काही ऐकवायचं नाही. बघ, तुझ्यासाठी आम्ही फलकसुद्धा उतरवला, हे तर मुळीच नको. नाहीतर त्याचंही पाटल्यांसारखं होईल. एवढंच म्हणा, "फोटो मी दिला होता. तुला विचारायला हवं होतं." आणि गप्प बसा. ती काही बोलली तर ऐका, नाही बोलली तर चहा ठेवा. पहाटे लगेच दुसऱ्या दिवशी उठेल अशी वाट बघू नका. उठली तर कुठपर्यंत गेलीस, किती वेळ लागला, असलं काही विचारू नका. लॉस एंजेलिस 2028ला आहे हे तिला तुमच्याहून चांगलं माहीत आहे. तिथे जाईल की नाही ते मी सांगू शकत नाही, तुम्हीही नाही, आणि गावाने तर पुन्हा तोंड उघडूच नये. हां, फलक उतरल्यावरही पुढे जेवण सुटलं, झोप गेली, धाकट्याकडेही बघेनाशी झाली, तर मात्र मला पत्र लिहीत बसू नका. सरळ बांबोळीला डॉक्टरांकडे घेऊन जा.

हायस्कुलातल्या जागेची जाहिरात तिच्या टेबलावर ठेवा, वर काही न बोलता. चालणं आणि नोकरी एकत्र होतात. आपल्या देशातले कितीतरी ऑलिम्पिक खेळाडू रेल्वेत आणि लष्करात नोकरी करतात. नेमबाजीत पॅरिसला कांस्य मिळवणारा कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसाळेही रेल्वेत तिकीट तपासनीस होता. अर्ज भरायचा की नाही ते तिचं ती ठरवील.

कुडाळच्या मंडळींना मात्र आजच फोन करा आणि नाही म्हणून सांगा. त्यांनाही तुम्ही तिचा फोटो पाठवला असेल. तो परत मागवा.