सगळे कोअर कामाला, तरी स्क्रिप्ट जागची हलेना

उपग्रह-चित्रे आणि पायथनविषयी आलेल्या प्रश्नांतून या वेळी फक्त समांतर प्रक्रियेचे, म्हणजे एकच काम प्रोसेसरच्या अनेक कोअरवर वाटून करण्याचे, प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न (धरमपेठ): क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या पायथन कन्सोलमधून मल्टिप्रोसेसिंगची (अनेक प्रोसेस एकदम चालवणारी) स्क्रिप्ट चालवली, की क्यूजीआयएसच्याच चार नव्या खिडक्या उघडतात. काम मात्र शून्य. विंडोज ११ आहे.

उत्तर: विंडोजवर नवी प्रोसेस 'स्पॉन' पद्धतीने सुरू होते. मूळ प्रोसेसची नक्कल निघत नाही, सगळे कोऱ्या पाटीपासून सुरू होते. कोणता प्रोग्रॅम उघडायचा हे 'सिस.एक्झिक्युटेबल' वरून ठरते आणि कन्सोलमध्ये तिथे पायथनचा नव्हे, क्यूजीआयएसचाच पत्ता असतो. म्हणून खिडक्या.

पूल (काम वाटून घेणाऱ्या प्रोसेसचा, म्हणजे वर्करचा, गट) तयार करण्याआधी 'मल्टिप्रोसेसिंग.सेट_एक्झिक्युटेबल' ला 'सिस.एक्झेक_प्रिफिक्स' फोल्डरमधल्या 'पायथनडब्ल्यू.ईएक्सई' चा पत्ता द्या. शिवाय वर्करचे फंक्शन कन्सोलमध्ये लिहू नका. वेगळ्या फाइलमध्ये ठेवून इम्पोर्ट करा, नाहीतर नव्या प्रोसेसला ते सापडणारच नाही. आणि पूल सुरू करणारा भाग 'इफ __नेम__ == "__मेन__"' या अटीखालीच हवा. ती विसरलात तर प्रत्येक वर्कर फाइल वाचताना पुन्हा पूल उघडायला जातो आणि पायथन रनटाइम एरर देते. खरे सांगायचे तर जड काम कन्सोलमध्ये करूच नये. ओएसजीओफोरडब्ल्यू शेल (क्यूजीआयएससोबत येणारी कमांडची खिडकी) उघडा, स्क्रिप्ट तिथून चालवा.

प्रश्न (काटोल रोड): काटोल-नरखेडच्या संत्राबागांचा एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) काढतो आहे. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या टाइल्स (चित्राचे ठरावीक चौकोन), ३२ जीबी रॅम, ८ वर्कर. दोन मिनिटांत मेमरी एरर. एकेक टाइल घेतली तर सुरळीत चालते.

उत्तर: हिशेब मांडा. दहा मीटरच्या (एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर) बँडमध्ये, म्हणजे एका रंगाच्या थरात, १०९८० × १०९८० पिक्सेल, म्हणजे सुमारे १२ कोटी. मूळ आकडे १६ बिटांचे, म्हणून एक बँड २४१ एमबी. तुम्ही तो फ्लोट६४ (६४ बिटांच्या दशांश संख्यांचा) केला की ९६४ एमबी. लाल आणि एनआयआर (निकट-अवरक्त) मिळून असे दोन, त्यांची वजाबाकी, बेरीज आणि भागाकार असे आणखी तीन. मूळ बँड धरून एका वर्करला साधारण ५.३ जीबी लागतात, आठांना ४२. बत्तीसमध्ये ते बसणार कसे?

आधी फ्लोट३२ वापरा, मागणी जवळजवळ निम्म्यावर येते. मग पूर्ण टाइल न वाचता रास्टेरिओ या पायथन लायब्ररीच्या विंडोने (चित्राचा ठरावीक भागच वाचण्याची सोय) १०२४ × १०२४ चे तुकडे वाचा. सेंटिनेलच्या जेपी२ (चित्राचा एक फाइल-प्रकार) फाइलच्या आतली मांडणीही याच मापाची असते, त्यामुळे एकच तुकडा दोनदा उलगडावा लागत नाही. गुपचूप रॅम खाणारी आणखी एक गोष्ट आहे: जीडीएएलचा (रास्टेरिओखाली चालणाऱ्या लायब्ररीचा) कॅशे, म्हणजे वाचलेला डेटा तात्पुरता साठवायची जागा. तो मुळात एकूण रॅमच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, आणि तोही प्रत्येक प्रोसेसमागे वेगळा. आठ वर्कर म्हणजे ४० टक्के. 'जीडीएएल_कॅशेमॅक्स' २५६ (एमबी) वर ठेवा.

फ्लोट नकोच म्हणून १६ बिटांतच वजाबाकी करू नका. पाण्यावर लाल बँड एनआयआरपेक्षा मोठा असतो, उत्तर ऋण व्हायच्या ऐवजी ६५ हजारांच्या घरात जाते आणि अंबाझरी तलाव घनदाट जंगल दिसू लागतो. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या उत्पादनांत प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. ते आधी वजा करा. याचा समांतर प्रक्रियेशी संबंध नाही, पण जुनी-नवी चित्रे एकत्र चालवणाऱ्याचे उत्तर इथेच बिघडते.

प्रश्न (वर्धा): रास्टेरिओने फाइल एकदाच उघडून ती सगळ्या वर्करना दिली, तर 'पिकल करता येत नाही' (म्हणजे दुसऱ्या प्रोसेसकडे पाठवण्याजोगे रूप देता येत नाही) असा एरर येतो.

उत्तर: उघडी फाइल पाठवता येत नाही, तिचा पत्ता पाठवा. पत्ता आणि विंडोचे चार आकडे पुरेत. उघडायचे काम वर्करने करावे. दर तुकड्याला उघडझाप नको असेल, तर पूलच्या 'इनिशियलायझर' मध्ये (प्रत्येक वर्कर सुरू होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) एकदाच उघडा. लिनक्सवर 'फोर्क' पद्धतीत (पायथन ३.१३ पर्यंत तीच मुळातली पद्धत होती) मूळ प्रोसेसची नक्कल निघते, त्यामुळे उघडी फाइल वर्करकडे आपोआप जाते आणि एररही येत नाही, पण ते जास्त धोक्याचे: वाचण्याची जागा सगळ्यांची एकच असल्यामुळे एकाने पुढे सरकवली की दुसरा भलतेच वाचतो.

प्रश्न (अमरावती): वर्करनी काढलेला जमिनीचा उतार जोडला, तर तुकड्यांच्या सांध्यांवर रेघा दिसतात. आणि व्हीआरटी (तुकडे एकत्र दाखवणारी फाइल) केल्यावर पश्चिमेकडचे तुकडेच गायब!

उत्तर: उतार ३ × ३ च्या खिडकीतून निघतो, म्हणून काठावरच्या पिक्सेलला शेजारी मिळत नाही. प्रत्येक तुकडा चारही बाजूंनी १ पिक्सेल जास्त वाचा आणि लिहिताना तेवढी कड कापून टाका. ११ × ११ च्या फिल्टरला ५ पिक्सेल. प्रवाह-संचयाला (एकेका पिक्सेलवर वरून किती पाणी जमते, या हिशेबाला) मात्र ही युक्ती लागू नाही. कन्हान नदीला येणारे पाणी तुमच्या तुकड्याबाहेरून कुठूनही येते. तिथे चौकोन सोडून पाणलोटानुसारच काम वाटा.

गायब तुकड्यांचे कारण ७८ अंश रेखांश. यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाचा पट्टा तिथे बदलतो: नागपूर यूटीएम ४४ मध्ये, अमरावती-अकोला ४३ मध्ये. 'जीडीएएलबिल्डव्हीआरटी' प्रक्षेपण जुळले नाही की फक्त इशारा देऊन ती फाइल वगळते, आणि तो इशारा वर्करच्या आउटपुटच्या गर्दीत वाचतो कोण? आधी सगळे ३२६४४ (यूटीएम ४४ उत्तरचा ईपीएसजी क्रमांक) मध्ये वॉर्प करा, म्हणजे त्याच प्रक्षेपणात आणा.

सगळ्या वर्करनी एकाच टिफमध्ये लिहिण्याचा मोह टाळा, कॉम्प्रेस केलेली असेल तर ती हमखास बिघडते. जिओपॅकेज या फाइल-प्रकारालाही एका वेळी एकच लिहिणारा चालतो, म्हणून 'डेटाबेस इज लॉक्ड' येते. ज्याची फाइल त्याने लिहावी, जोडणी शेवटी मुख्य प्रोसेसने करावी.

प्रश्न (हिंगणा): आठ वर्करपेक्षा चारच लवकर संपवतात. असे कसे?

उत्तर: प्रत्येक वर्करमध्ये नमपाय (आकडेमोडीची पायथन लायब्ररी) स्वतःचे आठ थ्रेड (एकाच प्रोसेसमधले समांतर धागे) उघडू शकते, आठ आठे चौसष्ट. नमपाय इम्पोर्ट करण्याआधी 'ओएमपी_नम_थ्रेड्स' आणि 'ओपनब्लास_नम_थ्रेड्स' १ करा. डेटा फिरत्या हार्ड डिस्कवर असेल, तर दोन-तीनच्या वर वर्कर नकोतच. मे महिन्यात कूलरविना खोलीत लॅपटॉप ठेवला असेल, तर प्रोसेसर तापून स्वतःच वेग उतरवतो. टास्क मॅनेजरमध्ये गिगाहर्ट्झचा आकडा बघा. काम सुरू असताना तो खाली येत गेला, तर दोष कोडचा नाही.