तीनचाकी मोटरसायकल घरी सांभाळताना: आधी एवढंच बघा

इंजिन उघडायची घाई करू नका. सुरुवातीला टायर, ब्रेक आणि बॅटरी नीट सांभाळलीत तरी बराच त्रास टळतो.

गाडी एका बाजूला ओढायला लागली की नवखे थेट अलाइनमेंटच्या (चाकं सरळ रेषेत आहेत का, त्याच्या) मागे लागतात. थांबा, आधी हवा बघा. टायर थंड असताना गेजने मोजा. जोडीच्या दोन्ही चाकांत ती सारखीच हवी. हवा ठीक असेल तर थोडं चालवून या आणि जोडीच्या दोन्ही चाकांच्या हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) तळहात धरा (टेकवू नका, भाजेल). एकच बाजू जास्त तापली असेल, तर बहुधा तिथला ब्रेक चिकटतोय किंवा पार्किंग ब्रेकची केबल पूर्ण सुटत नाहीये.

- नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. स्टँड लावा, जमिनीवरच्या चाकांना अडण द्या.
- १२ व्होल्टची नेहमीची लेड-अ‍ॅसिड बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. इंजिन रेस करूनही आकडा चढत नसेल तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही. टर्मिनल साफ करून घट्ट करा, मग चार्जिंग तपासा.
- ब्रेक ऑइल गाडीवरच्या त्याच्या डब्याच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच भरा.

कार्ब्युरेटरचे (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे) स्क्रू सध्या तसेच राहू द्या.